शून्यावरची सुई

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. फक्त बनवून सांगितलं असं म्हणू नका.

मला गोष्टी रचता येत नाहीत. मी आयुष्यभर शिवणकाम केलं. जेवढं माप, तेवढंच कापड. वाढवून घालायची मला सवय नाही.

आणि हे काही रात्रीबेरात्री, ओसाड जागी वगैरे झालेलं नाही. माझ्या स्वयंपाकघरात झालं. संध्याकाळी, कांदा चिरता चिरता.

तो मंगळवार होता. मिस्त्रींना जाऊन वर्ष होत आलं होतं.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. त्यांचं गाड्यांचं गॅरेज होतं. सगळे मिस्त्री म्हणायचे, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणायचे. सासूबाई आधी रागवायच्या. "नवऱ्याला कोणी मिस्त्री म्हणतं का?" पुढे पुढे त्याही म्हणायला लागल्या.

आमचं घर चढाच्या वर, गल्लीच्या टोकाला. त्यापुढे रस्ता नाही. गेट लोखंडी, कडी आतून. बाहेरून कितीही हात घातला तरी पोचत नाही. मिस्त्री संध्याकाळी यायचे, गेटसमोर गाडी थांबवायचे आणि इंजिन चालू ठेवून नुसते बसून राहायचे.

हॉर्न वाजवायचे नाहीत.

"हॉर्न म्हणजे शिवी," असं त्यांचं म्हणणं. "घरच्या माणसाला कोणी शिवी देतं का?"

मग आवाज मी ओळखायचा. हात पुसायचे, बाहेर जायचं, कडी काढायची. मी घरी बसायला लागल्यापासून रोज हेच.

एकदा मी मुद्दाम गेले नाही. म्हटलं बघू तरी किती वेळ बसतात. बसले की. मीच कंटाळून गेले, तर हे सीट मागे करून आरामात पडलेले. "आलीस का," एवढंच म्हणाले. असल्या माणसाशी भांडायची सोयच नव्हती.

आता त्या सुईचं सांगते.

मिस्त्रींनी आपल्या गाडीत एक जास्तीचं मीटर बसवलं होतं. वाटीएवढं, गोल, वर काच. व्हॅक्यूमचं मीटर. मागून एक रबरी नळी निघायची ती थेट इंजिनाच्या मॅनिफोल्डला. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिन ज्या नळकांड्यातून हवा ओढतं ते.

"हे काय नवीन खूळ?" मी विचारलं होतं.

"इंजिनाच्या छातीला कान लावलाय," म्हणाले.

मग मला शिकवायला बसले. त्यांना शिकवायची भारी हौस, आणि ऐकणारी मी एकटी.

"इंजिन सारखं हवा ओढत असतं. पेडलवरून पाय काढला की त्याचं नाक दाबल्यासारखं होतं. ओढतं, पण हवा मिळत नाही. आत पोकळी होते. सुई वर. पेडल दाबलं की नाक मोकळं. हवा भसकन आत. पोकळी गेली. सुई खाली."

"म्हणजे काम जास्त, तर सुई खाली?"

"शाबास. मोकळी गाडी, सपाट रस्ता, तर सुई उंच. चढ लागला, माणसं भरली, लोड वाढला, की सुई पडते. इंजिन जीव खाऊन ओढायला लागलं की शून्य."

"आणि गाडी बंद असली की?"

"तेव्हाही शून्य."

"अहो, मग कळायचं कसं? जीव खाऊन ओढतेय की बंद पडलीय?"

हसले. "कान कशाला दिलेत देवाने? आवाज ऐकायचा."

तेव्हा मीही हसले होते.

माझं शिवणाचं दुकान गॅरेजच्या शेजारी होतं. गुडघे धरेपर्यंत मी रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबरच यायचे; तेव्हा कडी सासूबाई काढायच्या. मला गाडी चालवता येत नाही. रेडिओ त्यांना खपायचा नाही, म्हणजे बाकीचे आवाज ऐकू येत नाहीत म्हणून. मग मी करू काय? सुई बघत बसायचे. बघून बघून अख्खा रस्ता सुईवर पाठ झाला. गॅरेजमधून निघताना ती कशी पडते, सपाट रस्त्यावर कशी वर येऊन टिकते, शाळेपुढच्या स्पीडब्रेकरवर कशी उडी मारते. मग पूल. मग मोठा चढ. पाण्याच्या टाकीचं वळण. गल्ली. गेट. खिडकीबाहेर न बघता मी सांगायचे, कुठे आलो ते.

आणि एक उचकी होती.

गाडीचा एक व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. गाडी उभी असली आणि इंजिन नुसतं चालू असलं, की सुई अठराच्या आसपास थांबायची आणि मध्येच टुचकन एक घर खाली यायची. परत जागेवर. थोड्या वेळाने परत टुचकन. गाडी चालायला लागली की कळायचं नाही, उभी राहिली की दिसायचं. मी त्याला उचकी म्हणायचे.

"दुरुस्त करा की ते."

"करतो."

लोकांच्या गाड्या ठणठणीत, आपली उचक्या देतेय. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

"राहू दे गं," म्हणायचे. "उचकी लागते म्हणजे घरी कोणीतरी आठवण काढतंय."

मिस्त्री गेले ते त्या मोठ्या चढावर. संध्याकाळी, घरी येताना. गाडी चढाच्या मध्यावर कडेला उभी होती. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, आणि हे सीटवर. हृदयाचं कारण सांगितलं डॉक्टरांनी. जाता जाता हँडब्रेक ओढायचं सुचलं त्यांना. गाडी मागच्या कोणावर जाऊ नये म्हणून.

मी इकडे आवाजाची वाट बघत होते. भाजी दोनदा गरम केली होती.

गाडी मला दारात नको होती. माझे धाकटे दीर, भाऊजी, आता गॅरेज बघतात. त्यांनी ती नेली आणि सुटे भाग करून संपवली. मी फक्त ते मीटर मागून घेतलं. त्यांनी नळी कापून आणून दिलं. मी ते स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं, चहाच्या डब्याशेजारी. मागे वीतभर नळी लोंबती. कशालाही न जोडलेली.

वर्षभर सुई शून्यावर होती.

आणि मी एकटी. एकटीचं घर काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं. एक कप चहा करायला पातेलंसुद्धा मोठं वाटतं. दिवसभरात तोंडातून एक शब्द निघायचा नाही, आणि संध्याकाळी फोन वाजला की आधी खाकरून घसा मोकळा करायला लागायचा. फोन लेकीचा. ती दूर राहते.

"आई, आता पुरे झालं. घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे ये."

मी आज-उद्या करत होते. शेवटी तिनेच महिनाअखेरचा रविवार ठरवला. मी गाडी घेऊन येते, सामान बांधून ठेव, म्हणाली. मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. घर खायला उठलं होतं.

तो फोन सोमवारी झाला.

मंगळवारी संध्याकाळी मी कांदा चिरत होते. डोळ्यांतून पाणी आलं. पदराने पुसलं आणि वर बघितलं.

सुई अठरावर होती...

कांद्याने दिसत नसेल म्हणून जवळ गेले. चष्मा लावला.

टुचकन एक घर खाली. परत जागेवर.

माझ्या हातातली सुरी हातातच राहिली. घरात कसलाही आवाज नव्हता. मिक्सर बंद, पंखा बंद. मी नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून बघितला. काही ओढत नव्हतं. नळी गार होती.

परत टुचकन.

आणि मग सुई पडली... उचलली... परत पडली...

पहिला गिअर. दुसरा गिअर.

मी स्टूल ओढून बसले. सुई हळूहळू वर येऊन टिकली. सपाट रस्ता. मग उडी. मग अजून उडी. शाळा.

मिस्त्री निघाले होते. घरी यायला.

पूल आला. मग चढ लागला. सुई खाली, अजून खाली... शून्यावर टेकली.

आणि तिथेच राहिली.

मी बघत बसले. अंधार पडला तरी दिवा लावला नाही. मग रडले, चांगलं मोठ्याने. ते गेले तेव्हा घरात इतकी माणसं होती की मला रडायला सवडच मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत तेच. चढावर शून्य.

तिसऱ्या दिवशी मी भाऊजींना बोलावलं. त्यांनी मीटर उलटंपालटं करून बघितलं. नळी तोंडात धरून हवा ओढली. सुई वर गेली. सोडली, शून्य.

"मीटर एकदम ठीक आहे, वहिनी."

"ते मला माहितेय. मीटर बिघडलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

माझ्याकडे बघून हसले, आजारी माणसाकडे बघून हसतात तसं. "एकटं राहून राहून होतं असं."

"बसा मग. चहा घ्या. गॅरेज बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसा."

बसले बिचारे. कोणत्या गाडीचं काय बिघडलं ते सांगत होते. एका गिऱ्हाईकाने पेट्रोलच्या गाडीत डिझेल कसं भरलं ते सांगत होते. मी हं हं करत होते.

सांगता सांगता थांबले...

सुई अठरावर आली होती.

टुचकन.

भाऊजी कप घेऊनच फळीपाशी गेले. त्यांनी तो खाली ठेवला.

"हा दादाच्या गाडीचा व्हॉल्व्ह आहे," हळू म्हणाले. "याच्यावरून मी त्याला किती चिडवलंय."

आम्ही दोघं बघत राहिलो. मी एकेक ठिकाण सांगत होते. शाळा. पूल. चढ. सुई शून्यावर टेकली, आणि भाऊजींनी डोळे पुसले.

"शून्य म्हणजे बंद, वहिनी. तिथेच बंद पडली होती."

"शून्य म्हणजे पूर्ण जोरही असतो ना?"

भाऊजी मीटरची काच पुसायला लागले.

"सांगा ना. असतो ना?"

"असतो. पण ते आवाजावरून कळतं." मग इकडेतिकडे बघितलं. "आणि आवाज तर नाहीच आहे."

जाताना चप्पल उलटी घालत होते. मी सांगितलं तेव्हा लक्षात आलं त्यांच्या. "ते डबडं फेकून द्या, वहिनी. नाहीतर मला द्या, मी फेकतो."

मी दिलं नाही. त्यानंतर भाऊजी संध्याकाळचे माझ्याकडे कधी आले नाहीत.

मला मात्र सवय झाली. संध्याकाळ झाली की मी तोंड धुवायचे, केस विंचरायचे, स्टूल घेऊन फळीसमोर बसायचे. एकदा तर दोन कप चहा ठेवला. हसू नका. कोणीतरी आपल्याकडे यायला निघालंय, एवढंही एकट्या माणसाला पुरतं. अर्ध्या वाटेपर्यंत का होईना.

मग एक दिवस...

सुई शून्यावर जाऊन बराच वेळ झाला होता. मी उठले, दिवा लावला आणि सहज वळून बघितलं.

सुई किंचित उचलली. आणि परत पडली.

मी श्वास धरून उभी राहिले. थोड्या वेळाने परत तसंच.

गिअर बदलला होता.

बंद पडलेल्या गाडीचा गिअर कोण बदलतं?

म्हणजे ते शून्य बंद पडल्याचं नव्हतं. मिस्त्री ओढत होते. वर्षभर, जीव खाऊन, तो चढ ओढत होते, आणि आम्ही इकडे त्यांचे दिवस घातले होते.

"या हो," मी मोठ्याने म्हटलं. "सावकाश या. मी आहे."

पुढच्या दिवशी गाडी चढाच्या माथ्याजवळ आली. मग माथ्यावर. मग टाकीच्या वळणाच्या अलीकडे. रोज थोडी पुढे. तिथवर आली की सुई शून्यावर जायची, आणि दुसऱ्या दिवशी परत गॅरेजपासून सुरुवात. तीच उचकी, तीच शाळा, तोच पूल.

पण एक गोष्ट मला खुपत होती.

माथ्यावर आलं की रस्ता सपाट आहे. तिथे सुईने वर यायला हवं. येत नव्हती. खालीच घुटमळायची, जेमतेम.

मी भाऊजींना फोन केला. "सपाटीला सुई इतकी खाली कशाने राहते?"

"लोड असेल. गाडी भरलेली असेल."

"कितीशी भरलेली?"

"इतकी खाली म्हणजे... खचाखच. मागे, पुढे, सगळीकडे माणसं." मग त्यांना काय विचारतेय ते कळलं. "वहिनी, दादा एकटा होता गाडीत."

"मला माहितेय."

फोन ठेवला आणि मला घाम फुटला. त्या गाडीत मिस्त्रींबरोबर कोण बसलं होतं? चढावर बसलं का? किती जण?

मग भांडी घासताना एकदम सुचलं. हँडब्रेक. ओढलेला हँडब्रेक सोडायचा राहिला असेल, म्हणून गाडी जड चालतेय. या चुकीवरून मिस्त्री गिऱ्हाइकांना किती बोलायचे. मला इतकं हलकं वाटलं की मी एकटीच हसले. येऊ देत घरी, चांगली फिरकी घेते, म्हटलं.

महिनाअखेर आली. शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी लेक येणार होती.

सगळं घर गाठोड्यांत गेलं होतं. भांडी खोक्यात, पडदे काढलेले. बोललं की आवाज घुमायचा. फळीवर फक्त ते मीटर. आदल्या संध्याकाळी गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली होती. एवढीच वाट राहिली होती. आणि उद्या मी गेटला बाहेरून कुलूप लावून जाणार. मिस्त्री येणार, गेट बंद बघणार, इंजिन चालू ठेवून बसणार.

हॉर्न तर वाजवणार नाहीत.

किती दिवस बसतील? मला माहीत होतं ना त्यांचा स्वभाव.

म्हणून मी ठरवलं होतं. आज आले तर कडी काढायची. नाही आले तर लेकीला नाही सांगायचं. मी कुठेही जाणार नाही.

संध्याकाळ झाली. सुई अठरावर आली.

टुचकन. मी नीट बघितलं. उचकी होती.

शाळा. पूल. चढ. शून्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. मग गिअर. माथा. टाकी. सुई खालीच, जड. मग ती गल्लीच्या तोंडाशी आली आणि थांबली नाही...

मी मीटर हातात घेतलं आणि बाहेर आले. पायरी उतरले. गेटपाशी जाते न जाते तोच सुई वर चढायला लागली.

अठरा.

गाडी गेटसमोर उभी होती.

समोर काही नव्हतं. गल्ली रिकामी. संधिप्रकाश होता, लांबपर्यंत स्पष्ट दिसत होतं. वाळकी पानं जिथल्या तिथे पडलेली. मी कान दिला. आवाज नाही. पेट्रोलचा वास नाही.

गेटला हात लावला.

कडी गार होती. पण खाली, गुडघ्याच्या उंचीला, जिथे गाडीचं नाक यायचं... तिथलं लोखंड कोमट होतं.

मला भीती वाटली आणि त्याच वेळी मला इतका आनंद झाला, की दोन्ही एकदम कसं होतं ते सांगता येत नाही. मी कडी अर्धी सरकवली. आणि सवयीने सुईकडे बघितलं. उचकी बघायला.

सुई अठरावर होती. स्थिर.

मी थांबले. आता येईल...

आता...

आली नाही. सुई चिकटवल्यासारखी एका जागी. निरोगी इंजिनाची असते तशी.

कडीवरचा माझा हात तसाच राहिला.

गॅरेजमधून निघताना उचकी होती. ती मी माझ्या डोळ्यांनी बघितली. चढावर शून्य झालं, आणि त्यानंतर गाडी पहिल्यांदा उभी राहिली ती इथे. मधल्या वाटेवर उचकी दिसायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे जे काही बदललं, ते चढावर बदललं असणार.

गॅरेजमधून निघाले ते मिस्त्री होते. चढापर्यंत आले तेही मिस्त्री. पण तिथून पुढे, एवढं ओझं घेऊन, रोज थोडं थोडं करत माझ्या गेटपर्यंत आलं... ते कोण होतं?

"अहो," मी म्हटलं. "तुम्हीच ना?"

सुई हलली नाही.

"गाडीत अजून कोण आहे?"

नाही हलली.

मिस्त्री उत्तर न देता राहिले असते का? खरं सांगायचं तर राहिले असते. कामात असले की दहा हाका मारल्या तरी ओ द्यायचे नाहीत. ते असते तरी असेच गप्प थांबले असते. तीच तर पंचाईत होती.

मी कडी परत सरकवली. आत, घट्ट, शेवटपर्यंत.

तिथून हलले मात्र नाही. गेटच्या अलीकडे मी, पलीकडे ते. रस्त्यावरचे दिवे लागले. जेवायची वेळ टळून गेली. सुई अठरावरच. मी रडत होते, आणि मनात म्हणत होते, एकदा, फक्त एकदा टुचकन हलू दे. मी लगेच उघडते.

मग सुई सरळ शून्यावर आली.

गाडी बंद केली की पूर्ण जोर लावून निघून गेली, मला कळलं नाही. मी गेटच्या गजांना कान लावला होता. आवाज नव्हता.

खाली लोखंडाला हात लावून बघितला. गार झालं होतं.

रविवारी लेक आली. गेटसमोर चांगले दोन-तीन हॉर्न दिले तिने. भाऊजी सामान चढवायला आले होते. त्यांना मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं गाठोडं खाली ठेवलं.

"दादाने व्हॉल्व्ह दुरुस्त करून घेतला असेल," शेवटी म्हणाले. म्हणायला गंमत होती, पण दोघंही हसलो नाही. "वहिनी, गेलेल्या माणसाला दुखणं उरत नाही म्हणतात. मग त्याच्या गाडीच्या व्हॉल्व्हला तरी कुठून उरणार."

हे मला सुचलंच नव्हतं.

भाऊजींनी गेटला कुलूप लावलं. मी गाडीत मागे वळून बघितलं नाही. चढ उतरताना डोळे मिटून घेतले.

आता मी लेकीकडे असते. चौथा मजला. घरात माणसं आहेत, टीव्ही चालू असतो, नात सारखी अंगावर चढते. सगळे माझं बघतात. तरी संध्याकाळी घर एकदम लांब गेल्यासारखं वाटतं, आणि मी खिडकीशी जाऊन बसते. मीटर तिथेच ठेवलंय. सुई त्या शनिवारपासून शून्यावर आहे.

"आई, शून्य म्हणजे बंद ना?" लेक एकदा म्हणाली. "मग काय बघत बसतेस?"

"बंदच," म्हटलं. तिला पुढचं सांगितलेलं नाही.

पण हल्ली एक नवीनच सुरू झालंय.

मला उचकी लागते. बरोबर गॅरेज बंद व्हायच्या वेळेला. एकच. मग थोड्या वेळाने परत एक. मग परत. पाणी पिऊन जात नाही, साखर खाऊन जात नाही. नातीला मजा वाटते. ती म्हणते, आजी, कोण आठवण काढतंय गं तुझी?

चढाची वेळ झाली की आपोआप थांबते.

मग मी उठते आणि दाराची कडी काढून ठेवते. लेक येता-जाता परत लावते आणि मला रागावते.